चार बोटं जागा

आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम आबांचं होतं. आई "भाताला तीन, डाळीला चार" असं सांगून मोरीत कपडे घेऊन बसायची आणि माझे वडील, म्हणजे आबा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून मांडीवरचा कसला तरी लोखंडी तुकडा रॉकेलच्या चिंधीने पुसत बसायचे. शिट्टी झाली की मान न उचलता उजव्या हाताचं एक बोट दुमडायचे. चौथं बोट दुमडलं की उठायचे, गॅस बंद करायचे आणि मोरीकडे तोंड करून "झाली गं तुझी डाळ" असं सांगायचे. सातपूरच्या कॉलनीतलं आमचं घर दोन खोल्यांचं, भिंतीला भिंत लागलेली. शेजारच्यांचा कुकर वाजला तरी तो आमच्याच ओट्यावर वाजल्यासारखा वाटायचा. पण आबांचं बोट कधी शेजाऱ्यांच्या शिट्टीला दुमडलं नाही. त्यांचा कुकर नाकात बोलतो, आपला छातीतून बोलतो, असं ते म्हणायचे. मला तेव्हा तो फरक अगदी स्पष्ट ऐकू यायचा.

आबा औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत फिटर होते. त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या विभागात, लाल तापलेल्या लोखंडावर दिवसभर यांत्रिक घण पडायचे. कानात घालायला कापूस मिळायचा, पण तो घालणं म्हणजे बायकी काम असं तिथल्या गड्यांचं मत होतं आणि आबाही त्यांतलेच. त्यांच्याकडे हातभर लांबीची एक लोखंडी दांडी होती. मशीन कुरकुरायला लागलं की दांडीचं एक टोक बेअरिंगपाशी टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर दाबायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. "मशीन खोटं बोलत नाही, आपल्याला विचारता आलं पाहिजे," असं ते सांगायचे. शॉपमधले मोठे साहेबसुद्धा आबांनी दांडी काढेपर्यंत गप्प उभे राहायचे, हे मी एकदा कंपनीच्या सत्यनारायणाला गेले तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या दिवशी मला आपण कुणातरी मोठ्या माणसाची मुलगी आहोत असं वाटलं.

त्याच दांडीच्या जोरावर त्यांनी एक जुनी गाडी पारखून घेतली होती. सायीच्या रंगाची, गोल बोनेटची, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली. कॉलनीत दुसरी चारचाकी नव्हती, त्यामुळे आम्ही उगीचच श्रीमंत ठरलो होतो. खरं म्हणजे ती गाडी आठवड्यातले सहा दिवस ताडपत्रीखाली झोपलेली असायची आणि सातव्या दिवशी आबा तिच्याखाली झोपलेले असायचे. आई तिला 'थोरली' म्हणायची. "जेवायला वाढू, की थोरलीचं आवरायचंय अजून?" असं दारातून विचारायची. आबा हसायचे आणि हातातला पाना चालवत राहायचे.

मी लहान असताना त्र्यंबक रस्त्यावर आम्ही दोघं एक खेळ खेळायचो. मी पुढच्या सीटवर डोळे मिटून बसायचं आणि गिअर कधी बदलायचा ते सांगायचं. "इंजिन बोलायला लागलं की ऐक," आबा म्हणायचे. "किंचाळलं तर वरचा गिअर मागतंय. घुसमटलं तर खालचा." मी कान देऊन बसायचे आणि "आता" म्हणायचे. त्यांच्या हातानेही नेमका त्याच क्षणी गिअर टाकलेला असायचा. महिरावणीपर्यंत एकदाही चुकले नाही तर परतताना गुडदाणी मिळायची. पुढे आयुष्यभर मास्तरकी केली, पण माझी अशी परीक्षा दुसऱ्या कुणी घेतली नाही, आणि मीही कुणाची इतक्या मायेने घेतली असेन असं वाटत नाही.

मी डी.एड.ला गेले त्या सुमाराला आमच्या घरात काहीतरी बदललं. डाळ करपायला लागली. आबा उंबऱ्याशी बसलेलेच असायचे, पण बोटं दुमडलेली नसायची. "लक्ष कुठं असतं तुमचं," असं आई एकदा-दोनदा म्हणाली आणि मग तिने शिट्ट्यांचं काम गुपचूप स्वतःकडे घेतलं. रेडिओचा आवाज मोठा झाला. आणि आबा माझ्याशी बोलेनासे झाले. म्हणजे भांडण नाही, राग नाही. मी काही विचारलं की कधी "हूं" म्हणायचे, कधी तेही नाही. आईने विचारलेल्याला उत्तर द्यायचे, माझ्या वाक्यावर मात्र खाली बघून पाना फिरवत राहायचे. मी अठरा-एकोणीस वर्षांची, त्या वयात माणसाला सगळं आपल्यामुळेच घडतंय असं वाटतं. मुलगी फार शिकली, आता हाताबाहेर जाणार, म्हणून आबांचं मन उतरलं असणार, असा मी निष्कर्ष काढला आणि तो घट्ट धरून बसले. मीही मग कमी बोलायला लागले. घरात तिघंच माणसं, त्यातली दोन अशी.

नोकरीची ऑर्डर आली तेव्हा आबा बोनेटमध्ये डोकं घालून उभे होते. हरसूलच्या पुढे एका पाड्यावरची शाळा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरेल त्या दिवशी, शाळा सुटायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जागा जाईल, असं त्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. मी पळत त्यांच्या पाठीमागे गेले आणि तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला. आबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. स्पार्क प्लग आवळत राहिले. मी कागदाची घडी घातली, आत गेले आणि पिठाच्या डब्याशी उभी राहून रडले. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही ती घामाने भिजलेली, चोळामोळा झालेल्या खाकी शर्टातली पाठ मला दिसते.

रात्री जेवताना आईनेच त्यांना काय ते सांगितलं असणार, कारण दुसऱ्या रविवारी आम्ही तिघं शाळा बघायला निघालो. डांबरी रस्ता संपल्यावर पाड्यापर्यंतची वाट म्हणजे नुसते दगड. एका ठिकाणी गाडीचं पोट असं काही दगडावर आदळलं की आई "थोरली गेली" असंच म्हणाली. इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला पोचा आला. शाळा मात्र चांगली होती, कौलारू, दारात जांभळीचं झाड. येताना आबा सारखे खाली उतरून गाडीच्या पोटाखाली बघत होते आणि मी मनात म्हणत होते, यांना मुलीपेक्षा गाडीची काळजी.

त्यानंतरच्या आठवड्यात मोठे टायर आले. आईचा मावसभाऊ निवृत्तीमामा पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचे टेम्पो चालवायचा. त्याच्याकडे चार टायर पडून होते, आमच्या रिमला बसतील असे, पण बाजूच्या भिंतीला चांगलेच उंच आणि रुंदीलाही जास्त. ते घालून गाडी उचलली जाईल, पोट दगडाला लागणार नाही, असा आबांचा हिशेब. ते आणि मी नाशिकरोडला लतीफचाचांच्या टायरच्या दुकानात गेलो. चाचांनी टायर उभा करून त्याला हात लावला आणि मान हलवली. "फिटरसाब, रिमला बसतो म्हणजे गाडीला बसतो असं नसतं. मेरा क्या, मैं लगाके देता. पण भरी गाडी घेऊन एकदा स्टिअरिंग पूरा मोडके देखो." दुकानातला हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता. आबांनी "हो हो" म्हटलं आणि टायर बसल्यावर मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये आपली बोटं घालून पाहिली. "चार बोटं जागा आहे," ते समाधानाने म्हणाले. गाडी रिकामी होती आणि चाकं सरळ होती. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे. आबा कुणाचं ऐकत नाहीत, हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी आबांनी आईला स्वयंपाकघराच्या फरशीवर मोठ्या चाकाचं गणित शिकवलं. एक वाटी आणि एक ताट घेतलं, दोघांच्या कडेला खडूची खूण केली आणि उभी धरून एकेक फेरा फिरवली. वाटी ओट्याच्या पायापर्यंत पोचली, ताट पार पाण्याच्या पिंपापर्यंत. "बघ, फेरा एकच, पण ताटाने जमीन जास्त कापली," आबा म्हणाले. आई शेंगोळ्यांचं पीठ मळत होती. तिचं माहेर मळेकऱ्यांचं, भाजीपाल्याच्या वाफ्यांतलं. ती मळता मळता म्हणाली, "आमच्या विहिरीला दादांनी मोठा रहाट बसवला व्हता. एका फेऱ्यात दोरी लय गुंडाळायची, पण बादली अशी जड लागायची की दोघींनी ओढावी लागायची. मग ह्या ताटाला जोर कोण लावणार?" आबा खडूची खूण पुसत होते. त्यांनी उत्तर दिलं नाही आणि आईनेही परत विचारलं नाही. पाचवी शिकलेल्या माझ्या आईने त्या दिवशी जे विचारलं ते गाडीच्या कारखान्यातल्या इंजिनियरनेही याहून सोपं करून विचारलं नसतं.

परवाच आमच्या कॉलेज रोडवरच्या दुकानात माझ्या गाडीचे टायर बदलायला गेले, तर तिथल्या चटपटीत मालकाने मला एक साइज मोठे घ्यायचा आग्रह धरला. गाडी रुबाबदार दिसते म्हणाला, मॅडम, रोड ग्रिप वाढते. मी म्हटलं, रिकाम्या गाडीची ग्रिप सांगताय की भरलेल्या? पिकअपचं काय? वळताना घासेल त्याचं काय? काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी खरी किती पळत असेल? निवृत्त शिक्षिकेशी वाद घालू नये हे त्याला कुणी शिकवलं नसावं. जुन्याच मापाचे टायर घालून मी घरी आले, आणि हे प्रकरण लिहायचं आता टाळता येणार नाही हे मला कळलं.

तर मोठ्या टायरांची आमची गाडी. उंच झाली, दिसायलाही टेचात, कॉलनीतली पोरं बघायला जमली. पण जागेवरून उठायला ती आळशी झाली. पूर्वी सिग्नलला गिअर टाकला की झपकन निघायची, आता आधी विचार करायची. टायर मोठा झाला की सगळे गिअर अर्ध्या पायरीने वर सरकल्यासारखे होतात. इंजिन तेच, त्याचा जोर तोच, ओझं मात्र वाढलेलं. सपाटीवर एकदा वेग घेतला की पळायची, आणि काट्यावर दिसायचं त्याहून जास्त पळायची. वळणावर झोके घ्यायची. स्टिअरिंग जड झालं. आणि टायरच्या त्या उंच मऊ भिंतींमुळे रस्ता गाडीत येईनासा झाला. पूर्वी खडी लागली, सांधा लागला, की स्टिअरिंगमधून, सीटमधून कळायचं. आता गादीवर बसल्यासारखं. आईला ते फार आवडलं. आबा मात्र स्टिअरिंगवरची पकड सारखी बदलायचे, हात उघडून मिटायचे, जणू हातात काही यायचं होतं ते येत नव्हतं. मला ते दिसलं होतं. त्याचा अर्थ लावायचं मला सुचलं नाही.

हजर व्हायच्या दिवशी सकाळी गाडी भरली. डिकीत लोखंडी ट्रंक, वळकटी, स्टोव्ह, रॉकेलचा डबा, पाण्याचं पिंप. मागच्या सीटवर आई आणि तिच्या दोन्ही बाजूंना धान्याच्या पिशव्या, मांडीवर दशम्यांचं गाठोडं. पुढे आबा आणि मी. गिरणाऱ्यापर्यंत द्राक्षबागांतून गाडी छान गेली. आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुढे देत होती. मी काचेतून बाहेर बघत होते. आता पुढची कितीतरी वर्षं या माणसाशी बोलायचं नाही, नुसतं सुट्टीत येऊन जायचं, असं काहीबाही ठरवत होते.

वाघेऱ्याचा घाट सुरू झाला आणि पहिल्याच चढाला इंजिन घुसमटलं. लहानपणीचा खेळ अंगात भिनलेला, माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "आता." आबांनी गिअर टाकला नाही. ते काट्याकडे बघत होते. काटा विसावर उतरला तेव्हा त्यांनी खालचा गिअर टाकला, पण तोवर गाडीतला सगळा दम गेला होता. मोठ्या चाकाला तो दम आधीच कमी पडत होता. कशीबशी ती चढली. पुढच्या चढाला पुन्हा तेच. मग डावीकडचं तीव्र वळण आलं, आबांनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढच्या चाकातून खर्रर्र असा आवाज आला, कुणी पत्र्यावर करवत चालवावी तसा. आई दचकून पुढे झुकली. मी आबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा शांत होता. ते स्टिअरिंग तसंच वळवून धरून गाडी पुढे रेटत होते.

"आबा, आवाज येतोय," मी म्हटलं. मग ओरडून म्हटलं. त्यांनी नाक वर करून हुंगलं. जळक्या रबराचा वास गाडीत भरला होता. तेव्हा कुठे त्यांचा पाय ढिला झाला, आणि नेमक्या चढावर गाडी दोन आचके देऊन बंद पडली. क्षणभर ती मागे सरली. आबांनी हँडब्रेक ओढला, मी उडी मारून उतरले आणि रस्त्याकडेचा धोंडा मागच्या चाकाला लावला. हात खरचटले. खाली दरी फार खोल नव्हती, पण आम्हाला पुरली असती.

आबा उतरले. चाकापाशी उकिडवे बसले आणि मडगार्ड व टायरच्या मध्ये बोटं घालायला गेले. एकही बोट जाईना. ओझ्याने गाडी बसली होती, चाक वळलेलं होतं, आणि टायरच्या खांद्यावर हातभर लांब चट्टा उठला होता. मी त्यांच्या मागे उभी राहून तोंडाला येईल ते बोलत सुटले. लतीफचाचांनी सांगितलं होतं, भरी गाडी पूर्ण वळवून बघा म्हणून. तुम्ही हो हो म्हणालात. इंजिन केव्हाचं ओरडत होतं, मी "आता" म्हटलं, तुम्ही लक्ष दिलं नाहीत. मी काही सांगितलं तर ऐकायचंच नाही असं तुम्ही ठरवलंयच. आबा टायरवरून हात फिरवत राहिले. पाठ तीच, शर्ट तोच. तेवढ्यात आई माझ्याजवळ आली आणि माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "नंदे, पुढं जाऊन बोल. मागून नाय ऐकू येत त्यांना."

मला आधी काही समजलंच नाही. कधीपासून, असं मी विचारलं. "झाली दोन वरसं," आई म्हणाली. "मला काय आज कळलं? ते सांगत नाय, म्हणून मीबी बोलत नाय. कंपनीत कळलं तर मशीनवरून काढत्याल, ह्याची भीती घेतली हाय त्यांनी."

मी पुढे जाऊन त्यांच्यासमोर खाली बसले. आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि त्यांना कळलं की मला कळलंय. त्यांनी चिंधी काढून एकेक बोट पुसलं. मग म्हणाले, "तुझा आवाज बारीक आहे ना नंदा. तो सगळ्यात आधी गेला. आईचा अजून थोडा थोडा येतो." ते पुढे म्हणाले, "कंपनीत दांडी लावली की मशीन अजून बोलतं माझ्याशी. माणसांना दांडी कुठं लावायची? गाडीचं मला हातात कळायचं, स्टिअरिंगमध्ये. हे टायर घातले आणि तेही बंद झालं."

मी ओठ नीट हलवत, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "ऑर्डर आली तेव्हा मी वाचून दाखवली होती. तुमच्या मागे उभी राहून. सगळी."

"वाचली होतीस?" आबा म्हणाले. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. "मला वाटलं, तू मला सांगितलीच नाहीस. आईकडून कळली."

दोन वर्षं मी समजत होते की आबा माझ्याशी बोलत नाहीत, आणि तेवढीच दोन वर्षं आबा समजत होते की मी त्यांना काही सांगत नाही. एकाच घरात, एकाच ताटाभोवती आम्ही दोघं एकमेकांवर रुसून बसलो होतो आणि मधे आई दोघांना वाढत होती. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. रॉकेलचा आणि जळक्या रबराचा वास येत होता. आबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले की गाडी उंच केली ती तुला सोडायला यायचं म्हणून, दर महिन्याला यायचं म्हणून, पोट लागायला नको. मला हे आधीच कळायला हवं होतं. मला माझ्या मूर्खपणाची लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते कळेना.

आईच शेवटी म्हणाली, "शाळा सुटायच्या आत जायचंय ना? का हितंच बिऱ्हाड करायचं?" मग आम्ही तिथल्या तिथे एक युक्ती ठरवली. मी त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून बसायचं. इंजिन घुसमटायला लागलं की एक थाप, म्हणजे खालचा गिअर. मोकळं झालं, वरचा मागायला लागलं की दोन थापा. चाक घासलं की खांदा दाबायचा, म्हणजे स्टिअरिंग थोडं सोडायचं आणि वळण मोठं घ्यायचं. धान्याच्या पिशव्या काढून आईने मागे मधोमध ठेवल्या आणि स्वतः कडेला अंग चोरून बसली. मी डोळे मिटले. डोळे मिटल्याशिवाय मला तो खेळ येतच नव्हता. एक थाप. गिअर पडला. इंजिनाने श्वास घेतला. पुढच्या वळणापाशी खर्र व्हायच्या आधीच मी खांदा दाबला आणि गाडी अलगद फिरली. तेवढा घाट आम्ही दोघांनी मिळून चढवला. आबांचे हात, आबांचे पाय आणि माझे कान. पाड्याच्या वाटेवरच्या दगडांना या वेळी पोट लागलं नाही, हे मात्र त्या टायरांच्या बाजूने सांगायला हवं. शाळा सुटायला थोडा वेळ होता, मुख्याध्यापक पाटावरची धूळ झटकत होते. मी सही केली.

पुढचं थोडक्यात सांगते. त्या महिन्यातच जुन्या मापाचे टायर परत चढले. लतीफचाचांना आबांनी स्वतः सांगितलं की तेव्हा तुमचं मला ऐकू आलं नव्हतं, आता समोर येऊन सांगत जा. ते वाक्य एकदा तोंडातून निघाल्यावर त्यांना कंपनीतही सांगता आलं. त्यांना हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं. त्यांना वाईट वाटलं, ते मी नाकारत नाही. पण दांडी त्यांच्याकडेच राहिली आणि नव्या फिटरांना मशीन कसं विचारायचं हे ते शिकवत राहिले. कानाचं यंत्र आलं ते फार नंतर. ते घातल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कुठली केली असेल तर उंबऱ्याशी पाट टाकून कुकरसमोर बसले. शेजारच्यांचा अजून नाकातच बोलतो, म्हणाले.

पण मला थांबायचं आहे ते त्या दुपारीच, शाळेच्या दारात. सामान उतरलं होतं. आई आता पुढच्या सीटवर बसली होती, हात आबांच्या खांद्यावर ठेवून बघत होती की पोचतो का. "गाडीतलं बायांना काय कळतं म्हनायचं, अन् आता माझ्याच हाताखाली चालवायची वेळ आली," असं ती मला सांगत होती आणि आबा तिच्या ओठांकडे बघून हसत होते. मी खिडकीशी गेले. निरोपाचं पुष्कळ बोलायचं होतं, पण माझा आवाज तर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. मी खिडकीतून हात घालून त्यांच्या खांद्यावर एक थाप मारली. हळू जा, घाट आहे. आबांनी मान डोलावली. मग त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला, खिडकीतून बाहेर आणला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. थोडा वेळ नुसता ठेवला. आणि दोन थापा मारल्या.